जिताडा गरवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगडात नागोठण्यापासून धरमतरपर्यंत अंबा नदीचा काठ आणि पुढे रेवसपर्यंतची खाडी, एवढंच माझं रान. एकोणीस वर्षं मी इथे जिताडा गरवतो, म्हणजे गळाने धरतो आहे. आधी बांबूची काठी आणि तंगूस (नायलॉनची दोरी) होता, आता रॉड आणि रील आहे. खालचे प्रश्न काठावर भेटणाऱ्या पोरांनी आणि पुण्या-मुंबईहून येणाऱ्या मित्रांनी विचारलेले आहेत. उत्तरं माझ्या खाडीतली आहेत. तळकोकणात आणि गोव्यात भरती कमी उंच असते आणि पाणी बरंच निवळ असतं, तिथल्या मंडळींनी तेवढा फेरफार करून घ्यावा.

व्हिडिओत ज्याला ‘बास’ म्हणतात तो आपला जिताडाच का?

नाही, पण नातं लावता येतं. अमेरिकेतले लोक ज्याच्या मागे वेडे आहेत तो लार्जमाउथ बास हा गोड्या तळ्यातला मासा. त्याचं कूळ वेगळं आणि अंगही लहान. त्याचा जागतिक विक्रम १०.०९ किलोचा आहे. जॉर्जियात १९३२ साली तो झाला आणि २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात त्याची बरोबरी झाली. आपला जिताडा म्हणजे आशियाई सी-बास. गोव्यात तो चोणक, बंगालात भेटकी, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. गळावर धरलेला सर्वांत मोठा ४४.६४ किलोचा होता, २०१० साली क्वीन्सलंडच्या मोंडुरन तलावात मिळालेला.

दोघांची शिकारीची पद्धत मात्र सख्ख्या भावांसारखी. आडोशाला दबून बसायचं, भक्ष्य जवळून गेलं की तोंड उघडायचं आणि पाण्यासकट आत ओढायचं. म्हणून बासवाल्यांचे ल्युअर, म्हणजे खोटी आमिषं, आणि ते फिरवण्याच्या तऱ्हा आपल्याला कामी येतात. त्यांच्या तळ्यात दोन गोष्टी नाहीत: भरती-ओहोटी, आणि जिताड्याच्या गालाची धार. व्हिडिओ बघून आलेली पोरं नेमकी या दोन ठिकाणी फसतात.

पहिला रॉड आणि रील कोणतं घेऊ?

काठावरून टाकणार असाल तर साडेसात ते आठ फुटांचा, मिडियम-हेवी ताकदीचा, १० ते ३० ग्रॅमचा ल्युअर फेकू शकणारा स्पिनिंग रॉड. होडीतून किंवा खारफुटीच्या अरुंद फाट्यात गरवणार असाल तर साडेसहा-सात फूट पुरे, लांब रॉड फांद्यांत अडकतो. रील ४००० मापाचं.

पैसे कमी असतील तर रॉडवर वाचवा, रीलवर नको. रीलमध्ये पाहायचं ते फक्त ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी हळूहळू सोडणारा ब्रेक. दुकानात दोरी हाताने ओढून बघा. ती एकसारखी, गुळगुळीत सुटली पाहिजे. आधी अडखळून मग एकदम सुटत असेल तर ते रील परत ठेवा, कारण मोठा मासा त्या अडखळण्याच्या क्षणीच दोरी तोडतो. बेअरिंगच्या आकड्यांना भुलू नका.

बेटकास्टर रील नेम धरायला छान, पण पहिलं वर्ष त्याच्या वाटेला जाऊ नये. वारा समोरून आला की दोरीचं घरटं होतं, आणि ते सोडवण्यात ओहोटी निघून जाते.

दोरी किती जाड हवी? लीडर लावायलाच हवा का?

मुख्य दोरी २० ते ३० पाउंडांची ब्रेडेड, म्हणजे धागे विणलेली. ती बारीक असते, लांब जाते आणि ताणली जात नाही, त्यामुळे शंभर फुटांवर माशाने नुसतं नाक लावलं तरी बोटाला कळतं. तिच्या पुढे, गरीच्या बाजूला, दीड मीटर लीडर म्हणजे जाड तुकडा, ४० ते ५० पाउंडांचा, फ्लुरोकार्बन किंवा साधा जाड तंगूस. लीडर हवाच. यात तडजोड नाही.

कारण जिताड्याचे गाल. त्याच्या तोंडात रावणासारखे दात नाहीत, आतून सगळं कानशीसारखं खरखरीत असतं. पण गालाच्या झाकणाची कड करवतीसारखी आहे आणि खालच्या कोपऱ्यावर दणकट काटा. बाजारात कोळिणी जिताडा उचलताना गालाकडे बोट जाऊ देत नाहीत, ते याचसाठी. मासा उडी मारून डोकं झटकतो तेव्हा दोरी त्या कडेवर घासते. ब्रेडेड दोरी ताणाला चिवट असते, घासायला अगदी लेची. खडक, कालवं लागलेले जेटीचे खांब, माशाचा गाल, काहीही लागलं की ती गवतासारखी कापली जाते.

हे मला ऑक्टोबरातल्या एका सकाळी कळलं. धरमतरच्या एका पडक्या धक्क्याजवळ मासा लागला. लीडर संपत आला होता म्हणून मी घरून निघताना जेमतेम वीतभर ठेवला होता. मासा दोनदा उडाला. दुसऱ्या उडीत मी त्याला पुरता पाहिला, माझ्या हाताएवढा लांब, डोळे तांबूस चमकणारे. मग दोरी हलकी झाली. गुंडाळून पाहिली तर टोक ब्लेडने कापावं तसं सपाट होतं. तो मासा तोंडात ल्युअर घेऊन गेला याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून प्रत्येक माशानंतर, आणि मासा नाही लागला तरी तासातासाने, लीडरवरून नख फिरवतो. कुठे खरखर लागली की तेवढा तुकडा कापून नवी गाठ.

गाठी कोणत्या शिकू?

तीन पुरतात. ब्रेडेड दोरी आणि लीडर जोडायला डबल युनी. एफजी गाठ जास्त बारीक होते आणि रॉडच्या कड्यांतून सरकन निघते, पण ती घरी, कंदिलासारख्या स्थिर उजेडात पन्नास वेळा बांधून मग काठावर न्यावी. गरी (गळाचा आकडा) किंवा जिगहेड (शिशाचं डोकं असलेली गरी) बांधायला पालोमार: दोरी दुहेरी करा, डोळ्यातून काढा, सैल साधी गाठ मारा, पुढे आलेल्या फासातून अख्खी गरी पार करा, ओलं करून ओढा. माशाच्या आकाराच्या कडक ल्युअरला मात्र न आवळणारा फास द्यावा, म्हणजे त्याचं डोकं मोकळेपणी डोलतं.

गाठ ओढण्याआधी थुंकी लावा. कोरडी गाठ घासून तापते आणि तिथेच कमजोर होते.

ल्युअर कोणते घ्यायचे? आणि रंग?

चार घ्या, चाळीस नकोत.

मऊ रबरी शॅड, तीन ते चार इंचांचा, शेपूट पंख्यासारखं हलणारा, १० ते १५ ग्रॅमच्या जिगहेडवर. एकच घ्यायचा असेल तर हा. दुसरा, ९ ते १२ सेंटिमीटरचा कडक मिनो, जो पाण्यात फारतर हातभर खाली जातो. तिसरा, पाण्यावर बडबड करणारा पॉपर, पहाटेसाठी. चौथा, ज्याची गरी रबरात लपलेली असते असा बेडूक किंवा शॅड. खारफुटीच्या मुळांत आणि तलावाच्या शेवाळात उघड्या गरीचा ल्युअर टाकणं म्हणजे तो तिथेच ठेवून येणं.

स्वस्त कडक ल्युअरच्या तीन काट्यांच्या गऱ्या बहुतेकदा मऊ लोखंडाच्या असतात. हाताने वाकवून पाहा. वाकल्या तर जाड तारेच्या बसवा, कड्याही बदला. पाच किलोचा जिताडा बारीक गरी सुईसारखी सरळ करतो.

रंगावर लोक फार बोलतात. माझा हिशेब साधा आहे: पाणी चहासारखं गढूळ असेल तर सोनेरी, पोपटी किंवा सरळ काळा, निवळ असेल तर बोयट माशासारखा चंदेरी. आमच्या खाडीत पाणी बहुतेक वेळा गढूळच. तिथे जिताडा डोळ्याइतकाच अंगावरच्या रेषेने, म्हणजे पाण्यातल्या थरथरीने, भक्ष्य ओळखतो. म्हणून रंगापेक्षा ल्युअरचं शेपूट नीट हलतंय का, हे पाहणं जास्त मोलाचं.

खाडी एवढी मोठी. जिताडा नेमका बसतो कुठे?

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे, आणि तो सगळ्यांत कमी विचारला जातो.

जिताडा पळून शिकार करणारा मासा नाही. वाहत्या पाण्याच्या बाजूला, जिथे त्याला पोहायची मेहनत पडत नाही अशा संथ खिशात तो बसतो, तोंड प्रवाहाकडे करून. प्रवाह कोळंबी आणि बोयटं त्याच्या दारात आणून टाकतो. म्हणजे शोधायचं काय, तर दोन गोष्टी एकत्र: वाहतं पाणी आणि आडोसा. नुसता आडोसा असून पाणी थांबलेलं असेल तर तिथे वेळ घालवू नका.

आमच्याकडे अशा जागा ठरलेल्या. जेटीचे आणि जुन्या पुलांचे खांब, त्यांची प्रवाहाच्या पाठीमागची बाजू. तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, गर्दीतून मोठ्या खाडीत उतरणाऱ्या लहान नाळी (ओहोळ). बुडालेली झाडं. दोन प्रवाह मिळतात तिथे गढूळ आणि निवळ पाण्याची जी रेघ दिसते, ती. आणि या सगळ्यांच्या वर, उघाडी.

खारभूमीच्या बांधाला पाणी सोडण्यासाठी जी दारं असतात ती उघाडी. भरती चढली की बाहेरचं पाणी दार दाबून बंद करतं, खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली की आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं, आणि त्याबरोबर शेततळ्यांतली, खाजणातली कोळंबी, निवट्यांची पिल्लं, लहान मासे. जिताड्याला हे ठाऊक असतं. दार उघडल्यावर पहिला पाऊण तास मी दुसरीकडे कुठेही असू इच्छीत नाही. गोव्यात खाजणांच्या अशाच दारांना मानस म्हणतात, आणि तिथेही चोणक याच वेळी दाराशी येतो.

आमच्या गावचे एक आगरी काका पागेरा (फेकजाळं) टाकायला जात. ते मला सांगायचे, “पानी बघ, मासा नंतर बघ.” ओहोटी पूर्ण लागली की ते रिकाम्या हाताने खाडी बघायला येत: कुठे खड्डा आहे, कुठे ओंडका रुतलाय, नाळीचं तोंड यंदा कुठे सरकलंय. उधाणाच्या ओहोटीला सगळं उघडं पडतं. नवीन जागेत पहिल्या दिवशी रॉड नेऊ नका असं मी आता सगळ्यांना सांगतो. फोनमध्ये फोटो काढून आणा. पाणी चढल्यावर तीच जागा सपाट चादर दिसते, आणि खाली काय आहे ते फक्त तुम्हाला माहीत असतं.

भरतीची वेळ कशी काढायची?

फोनवर तक्ते मिळतात, ते वापराच. पण तिथीचा हिशेब यायला हवा, कारण त्याने आठवड्याचं चित्र एका दमात डोळ्यांसमोर येतं. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. आज पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार. पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला पंधरा धरून सव्वाअकरा. पक्ष कोणताही असो, मोजणी प्रतिपदेपासून पुन्हा सुरू. रोज भरती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी.

यात दोन दुरुस्त्या लक्षात ठेवा. ही वेळ किनाऱ्यावरची आहे. खाडीत आत जाल तसं पाणी उशिरा पोचतं, म्हणून आपल्या जागेचा फरक दोन-चार दिवस घड्याळ लावून मोजून ठेवा. आणि दक्षिणेकडे, सिंधुदुर्ग-गोव्यात, वेळ थोडी आधीची येते.

आता कोणती तिथी चांगली? अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईकडे पाणी साडेचार मीटरच्याही वर चढतं. एवढं पाणी सहा तासांत येतं आणि जातं, त्यामुळे प्रवाह भयंकर आणि चिखल ढवळलेला. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती: पाणी निवळ पण सुस्त. माझी पसंती मधल्या दिवसांना, चतुर्थी ते षष्ठी. पाणी वाहतं आणि ल्युअर दिसतोही. त्यातही ओहोटीचे शेवटचे दोन तास आणि भरतीचा पहिला तास. तेव्हा तिवरांत पाणी उरत नाही, लहान मासे नाळीतून बाहेर निघायला भाग पडतात आणि जिताडा नाळीच्या तोंडाशी येतो.

ल्युअर टाकायचा कुठे आणि फिरवायचा कसा?

मासा प्रवाहाकडे तोंड करून बसलाय, हे आठवा. ल्युअर त्याच्या समोरून, प्रवाहाबरोबर यायला हवा. म्हणून आडोशाच्या वरच्या अंगाला, तीन-चार हात पुढे टाका आणि पाण्याला तो खाली आणू द्या. दोरी नुसती ताठ ठेवण्यापुरती गुंडाळा. शेपटीमागून येणारी कोळंबी निसर्गात नसते.

शॅड असेल तर तळाला टेकू द्या, रॉड दोनदा हळू उचला, पुन्हा पडू द्या. दहापैकी आठ वेळा मासा पडतानाच धरतो, म्हणून पडताना दोरी सैल सोडू नका. मिनो असेल तर दोन झटके, आणि थांबा. मनात तीन मोजा. नवीन माणसाला हे थांबणं जमत नाही, हात शिवशिवतो. पण जिताडा ल्युअरच्या मागे येऊन त्याच्याकडे बघत राहतो, आणि ल्युअर थांबला की तोंड उघडतो.

सगळ्यांची एक चूक सारखी: वेग. जेवढा हळू वाटतो त्याहून निम्म्या वेगाने फिरवा.

आणि एका जागी दोन टाकून पुढे जाऊ नका. खांबाच्या एकाच सावलीत पंधराव्या फेकीला मला मासा लागलेला आहे.

मासा लागला हे कसं कळतं? झटका कधी मारू?

पाण्यावरच्या ल्युअरवर आला तर कानाला कळतं, रिकाम्या मडक्यावर थाप मारावी तसा ‘भप्’ आवाज होतो. आवाजाला झटका मारू नका. वजन हाताला लागू द्या, मग. पाण्याखाली मात्र ‘टक्’ असं बोटाला जाणवलं की लगेच, कारण रबर तोंडात कडक लागलं तर तो एका क्षणात थुंकतो.

लागतो, उडी मारतो आणि सुटतो. काय चुकतंय?

तीनपैकी एक. गरीला धार नाही: नखावर टेकवून पाहा, घसरली तर बोथट. किंवा ड्रॅग फार आवळलेला: दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर सुटला पाहिजे, वजनकाटा लावून एकदा मोजून घ्या. किंवा, आणि हेच जास्त, तुम्ही रॉड आभाळाकडे धरला आहे. रॉड उंच असला की माशाचं डोकं वर ओढलं जातं आणि तो उडतो. टोक पाण्याकडे, आडवं धरा. दोरी पाण्यातून वर येताना दिसली की तो उडणार हे ओळखा, टोक आणखी खाली न्या. दोरीत ढील मात्र येऊ देऊ नका. हवेत तोंड उघडून डोकं झटकताना ढील मिळाली की वजनदार जिगहेड गोफणीसारखा भिरकावला जातो.

पहिल्या धावेत तो खांबाकडे किंवा मुळांकडे जाणारच. तेव्हा मात्र उभ्या-उभ्या बघत राहू नका. बोट स्पूलवर (रीलच्या दोरी गुंडाळलेल्या चाकावर) दाबून, दोन पावलं मागे सरून वळवा. एकदा मोकळ्या पाण्यात आला की घाई नाही.

ल्युअरपेक्षा जिवंत आमिष बरं नाही का?

मिळण्याच्या दृष्टीने बरं आहे, यात वाद नको. बोयट किंवा मोठी जिवंत कोळंबी. बोयट वरच्या ओठातून लावावा. कोळंबी शिंगाखालून, डोक्यातला काळसर ठिपका टाळून. तिथे गरी गेली की ती मरते. ४/० ते ६/० मापाची सर्कल गरी (टोक आत वळलेली) वापरा आणि झटका अजिबात मारू नका, मासा चालू लागला की रॉड हळू उचला. सर्कल गरी ओठाच्या कोपऱ्यात बसते. साधी गरी घशात जाते आणि मग लहान मासाही सोडता येत नाही.

कोणते महिने चांगले?

जिताडा उन्हाळी रक्ताचा. एप्रिल-मे चांगले. पाऊस पडला की खाडीच्या तोंडाशी त्यांची विणीची लगबग आणि पिल्लांची गोड्या पाण्याकडे चढण सुरू होते. तेव्हा मी रॉड भिंतीला टांगतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. काठावर रॉड घेऊन उभं राहणं हा वेगळा विषय असला तरी त्या पाण्यात मजा नाही आणि धोका पुष्कळ. गणपती उठले की पाणी निवळू लागतं, आणि नवरात्र ते दिवाळी हा माझा हंगाम. थंडीत पाणी उतरलं की तो सुस्तावतो. तेव्हा दुपारी, ऊन लागलेल्या उथळ पाण्यात, अगदी सावकाश.

तलावातला जिताडा गरवता येतो का?

येतो. पेण-अलिबागकडे घराशेजारच्या तळ्यात जिताडा पाळायची जुनी रीत आहे, खाडीतली पिल्लं आणून सोडत. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी संस्थेने १९९७ साली त्याची पैदास करून दाखवली, त्यानंतर उबवणीचं बीजही मिळू लागलं. पिल्लं एकमेकांना खातात, म्हणून तळेवाले ती मापाने निवडून वेगळी करतात. तुम्ही शॅड टाकता तेव्हा याच भुकेला हाक मारत असता. तळ्यात प्रवाह नाही, म्हणून वेळ पाहायची: पहाट आणि दिवेलागण. मालकाला विचारल्याशिवाय मात्र नाही. एक जिताडा म्हणजे त्या घराची काही वर्षांची मेहनत असते.

परवानगी लागते का?

धरणांवर आणि बऱ्याच तलावांवर मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे असतो, त्यांना विचारा. गोव्यात मानसच्या दाराशी मासे धरायचा हक्क लिलावाने दिला जातो, तिथे परस्पर रॉड टाकू नका. खाडीवर कोणाची डोल, कोणाचं जाळं लागलेलं असेल तर दूर राहा; त्यांचं पोट त्यावर आहे आणि आपली हौस. खारफुटी कायद्याने संरक्षित आहे. अडकलेला ल्युअर काढायला फांदी तोडू नका. ल्युअर गेला तर गेला.

सोबत काय न्यावं? धोका कशाचा?

लांब नाकाचा चिमटा, कातर, ओठ धरायचा ग्रिप, रबरी जाळं, पाणी, टोपी. चपला बांधता येणाऱ्या हव्यात, कालवं पाय चिरतात.

शिंगाळा मासा लागला तर हाताने धरू नका. त्याच्या तिन्ही काट्यांना विष असतं. काटा लागला तर सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, कळ उतरते. तुकडा आत राहिला किंवा सूज चढली तर डॉक्टर. मी थर्मासमध्ये गरम पाणी नेतो ते चहासाठी नाही.

चिखलात एकट्याने उतरू नका. भरती मागून नाळीतून येते आणि परतीची वाट बंद करते. चिपळूणकडे वाशिष्ठीत आणि गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत; तिथे गुडघाभर पाण्यात उभं राहून गरवायचं नाही आणि मासे काठावर साफ करायचे नाहीत.

मोठा जिताडा मिळाला तर सोडायचा? खरंच?

हो. आणि यासाठीच मी हे सगळं लिहायला बसलो.

जिताडा जन्मतो तो नर म्हणून. काही वर्षं नर राहून, मोठा झाल्यावर तो मादी होतो. म्हणजे खाडीतले खरोखर मोठे जिताडे जवळजवळ सगळ्या माद्या आहेत, आणि मोठी मादी एका हंगामात लाखो अंडी घालते. आपण फोटोसाठी आठ-दहा किलोचा मासा मारतो तेव्हा खाडीची आई मारतो. उलट अगदी लहान मारला तर तो नर म्हणूनही कामाला आलेला नसतो. क्वीन्सलंडमध्ये म्हणूनच ५८ सेंटिमीटरच्या आतला आणि १२० च्या वरचा मासा ठेवता येत नाही. आमच्या घरी नियम आहे: ६० ते ८० सेंटिमीटर, दिवसाला एक. बाकी परत. मोठा सोडला तेव्हा सोबतच्या लोकांनी मला वेड्यात काढलं आहे, एकदा तर भांडणही झालं. बाजारभाव मलाही कळतो. पण पंधरा वर्षांपूर्वी ज्या नाळीत दर ओहोटीला ‘भप्’ ऐकू यायचं तिथे आता आठवडे जातात, आणि हे मी स्वतःच्या कानांनी ऐकतो आहे.

सोडताना काय काळजी घ्यावी?

हात आधी ओले करा. मासा ओठाने लटकवू नका, एक हात पोटाखाली, आडवा धरा. गाल, कल्ले यांना बोट नको. फोटो काढणारा तयार असेल तेव्हाच पाण्याबाहेर उचला, आणि तुमचा श्वास जेवढा वेळ रोखता येतो तेवढ्यातच परत. गरी खोल गेली असेल तर ओढाताण न करता लीडर कापा. पाण्यात त्याचं तोंड प्रवाहाकडे करून धरून ठेवा. पुढे-मागे हलवू नका. कल्ले नीट उघड-मीट करू लागले की तो स्वतः शेपूट मारतो आणि तुमच्या तोंडावर पाणी उडतं.

रील सहा महिन्यांत गंजतं. उपाय?

घरी आल्यावर ड्रॅग घट्ट बंद करून गोड्या पाण्याचा हलका शिडकावा. जोराची धार नको, ती मीठ आत ढकलते. पुसून, सावलीत वाळवून मग ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. दांडीच्या खोबणीत तेलाचा एक थेंब. ल्युअरही धुवा, आणि ओल्या गऱ्या डब्यात बंद करू नका.

पहिला जिताडा मिळायला किती खेपा लागतील?

माझ्या दहाव्या खेपेपर्यंत फक्त शिंगाळे आणि एक तांबोशी होती. तुमचं लवकर होवो. एक वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा: तारीख, तिथी, ओहोटी किती तास झालेली, पाण्याचा रंग, जागा, ल्युअर, आणि रिकामे परत आलात तर तेही. माझ्या वहीत अकराव्या खेपेसमोर लिहिलं आहे: आश्विन शुद्ध पंचमी, उघाडीचं दार नुकतंच उघडलेलं, पाणी चहाच्या रंगाचं, काळा शॅड, तिसरं पडणं, ६४ सेंटिमीटर.